सीएनसी मशीनवर माझा भाऊ दिवसभर नेमकं काय करतो?

शाळेची_घंटा · रविवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो वीस वर्षांचा आहे. आयटीआयला टर्नर ट्रेड केला आणि दिवाळीपासून संभाजीनगरजवळ वाळूजला एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलाय. दुचाकीचे सुटे भाग बनतात तिथं. त्याला सीएनसी लेथवर उभं केलंय.

परवा फोनवर म्हणाला, "ताई, मी बटण दाबतो. दार उघडायचं, जॉब लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण. दीड मिनिटानं पुन्हा दार. पाळीत अडीचशे वेळा." मग जरा थांबून म्हणाला, "यासाठी दोन वर्षं आयटीआय केलं का?" त्याला सगळं सोडून गावी यायचंय आणि पोलीस भरतीची तयारी करायचीय.

घरी चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि सोयाबीन. वडील मला विचारतात, "तू शिकलेली, तूच सांग, येऊ द्यायचं का?" आणि मला ते मशीन काय असतं हेच माहीत नाही. ज्या कामाबद्दल आपल्याला काहीच कळत नाही ते सोड किंवा धर असं कुणाला कसं सांगायचं? म्हणून विचारते. ते मशीन नेमकं काय करतं? माणसाला त्यात शिकण्यासारखं काही उरतं का? कृपया मला कळेल असं सांगा.

ज्वारीची_भाकर · रविवार, रात्री ८:५२

येऊ द्या ताई. सरकारी ते सरकारी. सोळाशे मीटर आणि गोळा वीस वर्षांच्या वयातच जमतो, तिशीत नाही.

तिसरी_शिफ्ट · रविवार, रात्री ८:५८

वाळूजलाच नऊ वर्षं सेटर आहे, म्हणजे ऑपरेटरला मशीन जुळवून देणारा. घाई करू नका ताई. आता पाळीला निघालोय, उद्या सविस्तर लिहितो.

मायक्रॉन_मास्तर · रविवार, रात्री १०:३०

ताई, तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात म्हणजे माझं अर्धं काम झालंच आहे. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, आता निवृत्त.

साधी लेथ तुम्ही कधीतरी पाहिली असेल. धातूचा गोल दांडा (यालाच आम्ही जॉब म्हणतो) चकात, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यात, आवळतात, तो गरगर फिरतो आणि टूल त्याला टेकवून धातू सोलून काढतात. टूल हलवायला दोन हँडलं असतात. एक दांड्याच्या लांबीच्या दिशेनं, दुसरं मध्याकडं. टर्नरचे दोन हात त्या दोन हँडलांवर.

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरनं आकड्यांवर चालवलेलं. त्या लेथमध्ये तेच चक, तोच दांडा, तेच टूल. फक्त दोन्ही हँडलं काढून तिथं सर्व्हो मोटरी बसवल्या आहेत. मोटर बॉल स्क्रू फिरवते आणि स्क्रूवर टूलची घोडी सरकते. मोटरच्या पाठीमागं एन्कोडर असतो, तो क्षणाक्षणाला कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो की आपण किती फिरलो. सांगितलं तितकं सरकलं नाही तर कंट्रोलर मोटरला पुन्हा ढकलतो. हातानं हँडल फिरवणाऱ्या टर्नरचे डोळे जे काम करायचे, ते हा एन्कोडर करतो.

आता तुमचा आलेख. लांबीच्या दिशेला झेड अक्ष, मध्याकडच्या दिशेला एक्स. जॉबचं पुढचं तोंड म्हणजे झेडचा शून्य, फिरण्याचा मध्य म्हणजे एक्सचा शून्य. टूलचं टोक म्हणजे पेन्सिलीचं टोक. 'या बिंदूवरून त्या बिंदूवर सरळ रेषेत जा' असं एकाखाली एक लिहिलं की प्रोग्राम झाला. एक फरक लक्षात ठेवा: लेथवर एक्स हा सहसा व्यासात लिहितात. एक्स ४० म्हणजे टूल मध्यापासून २० मिलिमीटरवर.

४२ मिलिमीटरच्या दांड्यावर ३० मिलिमीटर लांबीपर्यंत ४० व्यास करायचा, तर असं:

टी०१०१
जी५० एस२५००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स४०.० झेड२.० एम०८
जी०१ झेड-३०.० एफ०.२
जी०० एक्स४५.०

पहिल्या ओळीत एक नंबरचं टूल आणि त्याचा एक नंबरचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या टोकाच्या जागेत करायची आकड्यातली दुरुस्ती. जी०० म्हणजे हवेतून वेगात जा, जी०१ म्हणजे कापत सरळ जा. एफ०.२ म्हणजे फीड: दांड्याच्या एका फेऱ्यात टूलनं ०.२ मिलिमीटर पुढं सरकायचं. एम०३ नं स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारी आस, फिरू लागतो, एम०८ नं कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारी धार, सुरू होतं. गोलाई हवी असेल तर जी०२ आणि जी०३. वर्तुळाचा कंस काढायचा, इतकंच.

दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचं नंतर सांगतो, तिथं तुमच्या आवडीचं गणित आहे.

ढवळ्या_पवळ्या · रविवार, रात्री १०:४१

मास्तर, असाच एक प्रोग्राम आमच्या बैलजोडीसाठी लिहून द्या. जी०१, बांधापर्यंत सरळ. आमचा पवळ्या जी०२ सोडून काही करत नाही.

मायक्रॉन_मास्तर · रविवार, रात्री १०:४४

पवळ्याचा एन्कोडर तपासा आधी. :)

शाळेची_घंटा · सोमवार, सकाळी ७:१०

सर, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. आज वर्गात आलेखाचा तास आहे, मी मुलांना हेच उदाहरण देणार. पण मग तोच प्रश्न उरतो. प्रोग्राम कुणीतरी लिहिला, मशीन चालतंय, तर माझ्या भावाकडं काय राहिलं?

तिसरी_शिफ्ट · सोमवार, दुपारी १:२०

झोप झाली, आता लिहितो.

ताई, मशीनला फक्त एवढं कळतं की आपण सांगितलेल्या जागी पोचलो. जॉब बरोबर झाला का हे त्याला कळत नाही. ते कळतं तुमच्या भावाच्या हातातल्या मायक्रोमीटरला.

एक नेहमीचं उदाहरण. बेअरिंग बसते ती जागा, व्यास २५, ड्रॉइंगवर के६ लिहिलेलं. म्हणजे २५.००२ ते २५.०१५ च्या मधे मिळालं पाहिजे. तेरा मायक्रॉनची जागा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. केसाच्या पाचव्या भागात पूर्ण पाळीचं काम बसवायचं असतं.

टूलच्या टोकाला कार्बाइडचा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारा कापणारा तुकडा, असतो. तो झिजतो. झिजला की टोक मागं जातं आणि व्यास वाढू लागतो. सकाळी २५.००५ मिळत होतं, तीस-चाळीस जॉबनंतर २५.००८, मग २५.०१२. प्रोग्राम तोच, मशीन तेच. अशा वेळी ऑपरेटरनं ऑफसेटच्या पानावर जाऊन त्या टूलला उणे सहा मायक्रॉन द्यायचे असतात. लवकर दिले तर जॉब खालच्या टोकाला जातो, उशिरा दिले तर भंगारात. पाचव्या की दहाव्या जॉबला मोजायचं, कल कुठं चाललाय, इन्सर्टची धार कधी पलटायची, हा अंदाज कंट्रोलरमध्ये नाही.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. पोलाद एका अंशाला मीटरमागं साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. मशीनमधून नुकताच काढलेला जॉब मायक्रोमीटरपेक्षा पंधरा अंशांनी गरम असला तर २५ च्या व्यासावर चार मायक्रॉन जास्त दाखवतो. तेरामधले चार गेले. नवीन पोरगं गरम जॉब मोजतं, 'वाढला' म्हणून ऑफसेट देतं, आणि तासाभरानं क्वालिटीवाला थंड झालेला जॉब मोजून 'कमी' म्हणतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे रोज घडतं. म्हणून मोजमापाची खोली २० अंशांवर ठेवतात, जगभर मापं त्याच तापमानाला धरतात.

भावाला एकच विचारा: 'शेवटचा ऑफसेट तू कधी दिलास?' त्याच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल तो शिकतोय की नाही.

मांजरा_काठ · सोमवार, दुपारी ३:०५

तिसरी_शिफ्ट दादांचं सगळं खरं आहे, पण पोराच्या बाजूनं कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो.

मी लातूरकडचा. आठ वर्षं सीएनसीवर होतो, तीन कंपन्यांत. आठ वर्षं बटणच दाबलं. आळशी होतो म्हणून नाही. कंट्रोलरच्या पॅनेलवर एक छोटी चावी असते. ती बंद असली की प्रोग्राम बदलता येत नाही, आमच्याकडं ऑफसेटसुद्धा तिच्याखालीच बांधलेले. ती चावी सेटरच्या खिशात. जॉब वाढला की मशीन थांबवून सेटरला शोधत फिरायचं. त्याच्याकडं आठ मशीन. तो यायचा, माझ्याकडं पाठ करून आकडा भरायचा, चावी काढून जायचा. काय भरलं विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणायचा. सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक द्यायचा, पुन्हा नव्या गेटवर नवं कार्ड. दर वेळी मी नवीनच.

आता गावाकडं शेती करूलालो. माणूस शिकत नाही असं सगळे म्हणतात. त्याला शिकू देतात का, तेपण विचारा.

तिसरी_शिफ्ट · सोमवार, दुपारी ३:३०

भाऊ, खरं आहे. मी सेटर आहे, तुम्ही लिहिलंय ते मी पाहिलंय. सुरुवातीला दोन वर्षं मीही तसाच वागलो. मला ज्यानं शिकवलं तो तसाच होता, म्हणून मला तीच रीत वाटायची.

चिकलठाण्याचा_शेड · सोमवार, सायंकाळी ७:१५

माझ्या शेडमध्ये चार सीएनसी आहेत. मालकाची बाजू सांगतो, मांजरा_काठ, पण तुमचं म्हणणं खोडायला नाही.

चावी का लावली जाते? एका पोरानं ऑफसेटमध्ये ०.०८ ऐवजी ०.८ भरलं. टूल जॉबमध्ये घुसलं, टूल होल्डर वाकला, टर्रेटची (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याची) ओळ बिघडली. पाच दिवस मशीन उभं आणि कर्जाचा हप्ता चालू. त्या दिवसापासून मीही चावी खिशात घालून फिरलो, वर्षभर.

मग मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरनं दाखवलं की कंट्रोलरमध्येच मर्यादा घालता येते. झिजेचा ऑफसेट एका वेळी ०.०५ पेक्षा जास्त घेऊच नकोस, असं मी पॅरामीटरमध्ये बसवलं. ०.८ भरलं तर मशीन ऐकत नाही. चावी फक्त प्रोग्रामसाठी ठेवली. आता नवीन मुलानं तीन महिने मोजमापाची वही नीट ठेवली की ऑफसेट त्याच्या हातात. हे आधी कळलं असतं तर ते एक वर्ष वाया गेलं नसतं, माझंही आणि त्या पोरांचंही.

टर्नर_अठ्ठ्याऐंशी · सोमवार, रात्री ९:००

छान चर्चा. जुन्या माणसाचं थोडं ऐका.

मी १९८८ ला टर्नर झालो. १९८५ ला बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला होता आणि त्याच्यामागं आमच्यासारख्या पोरांना कामं देणारे छोटे-मोठे शेड उभे राहत होते. गावात दुष्काळ आणि इकडं लेथ, अशी ती वर्षं. मला पहिली दोन वर्षं नुसती हँडलं फिरवायला लावली. टूल स्वतः ग्राइंडरवर घासून धार काढायची. माझं मत स्पष्ट आहे: आधी साधी लेथ, मग सीएनसी. ज्याच्या तळव्याला कापणीचा दाब ठाऊक नाही त्याला एफ०.२ म्हणजे काय ते काय कळणार?

आणि हे यंत्र काही आकाशातून पडलं नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स नावाचा एक कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याची वळणं हातानं नीट येईनात, म्हणून वळणावरचे बिंदू गणितानं काढून मशीन त्या आकड्यांवर चालवायची कल्पना त्यानं काढली. पुढं एमआयटीच्या प्रयोगशाळेनं १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. मी एक फितीवरचं जुनं मशीन पाहिलंय. तेलकट हातानं फीत धरली म्हणून उस्ताद ओरडले होते, ते अजून आठवतं. जपानात फुजित्सूमध्ये १९५६ ला हेच काम सुरू झालं, त्यातूनच १९७२ ला फानुक वेगळी कंपनी निघाली.

कॅमवाली · सोमवार, रात्री ९:४०

काका, आदर ठेवून असहमत.

मी बीड जिल्ह्यातली. डिप्लोमा केला, मग चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकले, आता मोल्डच्या (साच्यांच्या) कामात व्हीएमसीचे प्रोग्राम करते. व्हीएमसीत जॉब टेबलावर बसतो आणि टूल फिरतं, एक्स-वाय-झेड असे तीन अक्ष. प्लास्टिकच्या मोल्डचा वळणदार पृष्ठभाग घासायचा तर प्रोग्रामच्या लाखभर ओळी होतात. ते हातानं कुणी लिहीत नाही, कॅम सॉफ्टवेअरमध्ये टूलचा मार्ग आखतात. मी साध्या लेथवर सगळी मिळून पंधरा दिवस होते. दोन वर्षं हँडल फिरवायची अट असती तर मी या कामात आलेच नसते, आणि माझ्यासारख्या बऱ्याच मुली आल्या नसत्या. हँडल-चक उचलायच्या जमान्यात आम्हाला दारातच उभं केलं नसतं, हेही काकांना ठाऊक आहे.

टर्नर_अठ्ठ्याऐंशी · सोमवार, रात्री ९:५५

शेवटचं वाक्य मान्य, पोरी. उभं केलं नसतं. पण हात नसेल तर कान कुठून आणशील?

कॅमवाली · सोमवार, रात्री १०:१०

कानाचं सांगते. पहिल्याच वर्षी मोल्डमधल्या एका खोल खिशासाठी (पोकळीसाठी) मी दहा मिलिमीटरची एंडमिल, म्हणजे फिरतं कापणारं टूल, सत्तर मिलिमीटर बाहेर काढून प्रोग्राम दिला. सॉफ्टवेअरवर सगळं हिरवं. मशीनवर सुरू केलं तर किंचाळल्यासारखा आवाज, आणि पृष्ठभागावर लाटा. मी स्क्रीनकडं बघत बसले होते. पलीकडच्या लेथवरचे एक काका काम सोडून आले, फीड कमी केलं, म्हणाले, "टूल आखूड धर, ते थरथरतंय." ते काका कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. तेव्हापासून नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालतो तेव्हा मी मशीनपाशीच उभी असते. कान तिथं येतो काका. हँडलनंच येतो असं नाही.

टर्नर_अठ्ठ्याऐंशी · सोमवार, रात्री १०:१४

बरोबर जागी उभी राहतेस. माझी तक्रार मिटली.

पाभर_तिफण · मंगळवार, सकाळी ६:५०

जालन्याहून. रोलिंग मिलचे रोल वळवायच्या कामात आहे, मोठे जॉब. नवीन पोरांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण ती मी स्वतः भोगलीय.

एक्स५०.० लिहायचं होतं, मी एक्स५० लिहिलं. टिंब राहिलं. आमच्या त्या कंट्रोलरला टिंब नसलं की आकडा मायक्रॉनमध्ये वाटायचा. ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन. म्हणजे टूल जवळजवळ मध्यावर, आणि तेही जी०० च्या वेगात. जॉब फिरत होता. आवाज अजून कानात आहे. कुणाला लागलं नाही कारण दार बंद होतं आणि काच चांगली होती.

म्हणून नवा प्रोग्राम असला की आधी स्क्रीनवर ग्राफिक, मग जॉब न लावता ड्राय रन, मग सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ, रॅपिड (जी०० चा वेग) अगदी कमी, उरलेलं अंतर वाचत, आणि एक हात थांबवायच्या बटणावर. कितीही अनुभव असो, हे सोडू नये.

शाळेची_घंटा · मंगळवार, सकाळी ७:०५

हे वाचून पोटात गोळा आला. दार बंद होतं म्हणून वाचलात, म्हणजे दार उघडं ठेवूनही चालवतात का?

तिसरी_शिफ्ट · मंगळवार, सकाळी ७:३०

चालवू नये, पण चालवतात. दाराला इंटरलॉक असतो, दार उघडलं की मशीन थांबतं. काही ठिकाणी दोन सेकंद वाचवायला तो बायपास करून ठेवतात. मी एकाची दोन बोटं गेलेली पाहिली आहेत, तशाच एका शेडमध्ये. ताई, भावाला स्पष्ट सांगा: इंटरलॉक बंद केलेल्या मशीनवर उभं राहायचं नाही, सुपरवायझर काहीही म्हणो. चिप्सचे (धातूच्या सालींचे) लांब दोरे हातानं ओढायचे नाहीत, हुक वापरायचा आणि तोही स्पिंडल थांबल्यावर. फिरत्या जॉबजवळ हातमोजे नकोत, मोजा अडकला की हात जातो. मनगटातला गंडा, दोरा, कडं घरी काढून ठेवायचं. आईनं बांधलेला असला तरी. तो खिशात राहू दे.

शाळेची_घंटा · मंगळवार, रात्री ८:३०

त्याच्या मनगटात आईनंच बांधलेला काळा दोरा आहे. आईलाच फोनवर सांगायला लावलं. काढला त्यानं.

'शेवटचा ऑफसेट कधी दिलास' हेही विचारलं. गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, तुला ऑफसेट कुणी सांगितला?" आवाज वेगळाच होता. ऑफसेट त्यानं अजून एकदाही दिलेला नाही, सेटर देतो. मांजरा_काठ दादा, तुमच्यासारखीच चावी आहे तिथं. पण मग त्यानं आपणहून इन्सर्टच्या डबीचा फोटो पाठवला. त्यावर सीएनएमजी १२०४०८ असं लिहिलंय. यात काय वाचायचं?

मायक्रॉन_मास्तर · मंगळवार, रात्री ९:२५

सी म्हणजे ८० अंशांचा समभुज चौकोन. एन म्हणजे बाजू सरळ उभ्या, म्हणून इन्सर्ट पलटून दोन्ही बाजू वापरता येतात, एकूण चार धारा. एम हा त्याच्या मापांच्या अचूकतेचा वर्ग. जी म्हणजे मधे भोक आणि दोन्ही तोंडांवर चिप तोडणाऱ्या खाचा. १२ म्हणजे धारेची लांबी साधारण १२ मिलिमीटर, ०४ म्हणजे जाडी ४.७६, ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८.

हे शेवटचं ०८ फार महत्त्वाचं. टोक गोल असल्यानं फिरत्या जॉबवर बारीक चाकोरी उमटते. चाकोरीची खोली साधारण फीडचा वर्ग भागिले आठ गुणिले गोलाई. फीड ०.२ असेल तर ०.०४ भागिले ६.४, म्हणजे सव्वासहा मायक्रॉन. गोलाई ०.४ चा इन्सर्ट लावला तर तेच साडेबारा. भावाला म्हणावं, दोन्ही इन्सर्ट लावून जॉबवर नख फिरव.

आणि राहिलेल्या दोन ओळी. जी९६ एस१८० म्हणजे कापण्याचा वेग मिनिटाला १८० मीटर कायम ठेव. परीघ तुम्ही सातवीला शिकवता. व्यास ४२, पाय २२/७ धरा, परीघ १३२ मिलिमीटर. १८० मीटर म्हणजे १,८०,००० मिलिमीटर, भागिले १३२, म्हणजे मिनिटाला सुमारे १३६४ फेरे. टूल आत जाऊन व्यास २१ झाला की परीघ ६६ आणि फेरे २७२७. मध्यावर पोचलं तर परीघ शून्य. मग फेरे किती?

शाळेची_घंटा · मंगळवार, रात्री ९:४०

शून्यानं भागता येत नाही!

मायक्रॉन_मास्तर · मंगळवार, रात्री ९:४३

मशीनलाही नाही. म्हणून आधीच जी५० एस२५००: अडीच हजारांच्या वर जायचं नाही. ही ओळ विसरली तर तोंड घासताना स्पिंडल त्याच्या कमाल वेगापर्यंत पळतो, आणि चकाची पकड जितका वेग जास्त तितकी ढिली होत जाते. जॉब उडण्याचं हे एक मोठं कारण.

ढवळ्या_पवळ्या · मंगळवार, रात्री ९:५०

मी आलो होतो टवाळी करायला, परीघ शिकून चाललो. मास्तर, अजून एक तास घ्या.

ज्वारीची_भाकर · बुधवार, सकाळी ५:१५

मैदानावरून लिहितोय. मी चार वर्षं भरतीची तयारी करतोय ताई. माझ्या पहिल्या प्रतिसादावर विचार केला. भावाला फॉर्म भरू द्या, पण वाळूज सोडून नको. माझ्याबरोबर पळणाऱ्यांपैकी ज्यांच्या हातात काम आहे ती पोरं शांत झोपतात. आमच्यासारख्यांना निकालाच्या आधी झोप नसते.

बजाजनगर_मेस · बुधवार, दुपारी १२:४०

विषय थोडा सोडून. पोरगं राहतं कुठं? रांजणगाव शेणपुंजीत असेल तर पाळी बदलताना जेवणाची आबाळ होते. रात्रपाळीच्या पोरांनी सकाळी झोपायच्या आधी भाकरी खावी, नुसत्या चहा-खारीवर झोपू नये. आषाढीला पलीकडं छोट्या पंढरपूरला यात्रा असते, ताई तेव्हा या, भावाला भेटा, विठ्ठलालाही भेटा.

शाळेची_घंटा · बुधवार, रात्री ८:००

रांजणगावलाच आहे, चौघं एका खोलीत. नक्की येईन.

चिकलठाण्याचा_शेड · बुधवार, रात्री ८:४५

ताई, चावी मागायला लावू नका. नवीन पोरगं चावी मागतं तेव्हा सेटरला राग येतो. त्याऐवजी एक वही करायला सांगा. दर दहाव्या जॉबला जॉब नंबर, माप, वेळ. सेटरनं ऑफसेट दिला की तिथं रेघ मारायची. आठवड्यानं त्याला स्वतःला दिसेल कितव्या जॉबला माप कुठं जातं. मग सेटरला एवढंच म्हणायचं, "साहेब, अजून पंधरा जॉबनं वर जाईल." तीनदा खरं निघालं की काय होतं ते बघा.

मांजरा_काठ · बुधवार, रात्री ९:१०

हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ताई, वही करायला लावाच.

शाळेची_घंटा · रविवार, सकाळी ९:२०

पावणेचार आठवड्यांनी येतेय. वही केली त्यानं. शाळेतली दोनशे पानी वही मीच पाठवली होती. पहिल्या आठवड्यात सेटर हसला म्हणे. दुसऱ्या आठवड्यात वही उलटून पाहिली, काही बोलला नाही. वडिलांना मी अजून नीट समजावू शकले नाही, पण 'तो फॉर्मपण भरेल आणि मशीनवरही राहील' एवढ्यावर ते थांबलेत. भाऊही सध्या थांबलाय. मे महिन्यात काय म्हणेल ते मला माहीत नाही.

आज सकाळी साडेसहाला फोन आला, रात्रपाळी सुटल्यावर. पहाटे सेटरला दुसऱ्या मशीनवर अडकावं लागलं, तर त्यानं चावी याच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुझं तू कर, मी येऊन बघतो." वीस मिनिटं चावी त्याच्याकडं होती. त्यानं ऑफसेट दिला आणि पुढचा जॉब बरोबर आला. फोनवर आकडासुद्धा सांगितला मला. उणे सहा मायक्रॉन.

तिसरी_शिफ्ट · रविवार, सकाळी ९:३१

वा! जॉब थंड करून मोजला होता ना?

शाळेची_घंटा · रविवार, सकाळी ९:३३

झोपलाय. उठला की विचारते.